पुण्यातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था वेगवान फायबरने जोडायच्या म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कॅम्पसचं नेटवर्क सांभाळतो. प्राचार्य, प्राध्यापक, पीएचडीची पोरं, अकाउंट्सवाल्या मॅडम, सगळ्यांना साधारण तेच तेच प्रश्न पडतात आणि मी तीच तीच उत्तरं चहाच्या टपरीवर देत बसतो, म्हणून एकदाची लिहून टाकली. क्रम काही खास नाही, जे जास्त विचारलं जातं ते वर घेतलंय.

आमच्याकडे ३०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड आहे, मस्त चालतं. मग संशोधनासाठी हे वेगळं नेटवर्क कशाला?

मस्त चालतं कारण तुम्ही त्यावर मेल बघता, झूम मीटिंग घेता, व्हिडिओ बघता. साधं इंटरनेट हजारो लोकांच्या छोट्या छोट्या कामांसाठी बांधलेलं असतं, आणि सगळे एकाच वेळी पूर्ण स्पीड मागणार नाहीत या भरवशावर एकच पाईप बऱ्याच जणांना विकलेला असतो, त्यात चूक काही नाही, धंदाच तसा आहे. संशोधनाचं काम उलटं असतं, माणूस एकच पण त्याची फाईल हत्तीएवढी, आणि ती सलग तीन तास त्याच वेगाने गेली पाहिजे.

हिशोब करून बघा. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसने पाठवला तर २२ तास लागतात, वर थोडी मिनिटं. १ जीबीपीएसने सव्वादोन तास. १० जीबीपीएसने सव्वातेरा मिनिटं. २२ तास लागत असतील तर माणूस ते करतच नाही, हार्ड डिस्क पिशवीत टाकून घेऊन जातो, आणि तेरा मिनिटं लागणार असतील तर दिवसातून चार वेळा पाठवतो आणि काम करायची पद्धतच बदलते.

हार्ड डिस्क एसटीने पाठवली तर काय बिघडलं?

हा प्रश्न चेष्टेत विचारतात पण चांगला आहे. नारायणगावहून कुणी २० टीबीच्या डिस्का पिशवीत घेऊन एसटीत बसला आणि चाकणला नेहमीसारखा अडकून तीन तासांनी वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरला, तर त्या एसटीची बँडविड्थ झाली जवळजवळ १५ जीबीपीएस! लाल डब्याला कमी लेखू नका.

फक्त घोडं पेंड कुठे खातं तर डिस्कवर कॉपी करण्यात. साधी हार्ड डिस्क सेकंदाला २५० एमबी लिहिते, म्हणजे १० टीबीची एक डिस्क भरायला ११ तास, आणि इकडे आल्यावर रिकामी करायला परत ११ तास. शिवाय डिस्क पडते, हरवते, आणि कुठली कॉपी नवी कुठली जुनी यावरून लॅबमध्ये भांडणं होतात ती वेगळीच.

पण एवढा डेटा पुण्यात आहे कुणाकडे?

इथे बरेच जण चकित होतात, कारण आपल्याला पुणे म्हणजे आयटी पार्क आणि हिंजवडीचं ट्रॅफिक एवढंच आठवतं.

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकी १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, सगळा पसारा २५ किलोमीटरपर्यंत जातो. या अँटेना एकमेकींशी फायबरनेच बोलतात, त्याशिवाय ही ३० भांडी मिळून एक दुर्बीण होऊच शकत नाही. ती चालवणारी एनसीआरए ही संस्था मात्र गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात. तिथेच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, जिची लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपायच्या प्रकल्पात भागीदारी आहे. त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले, आणि जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, पुण्यापासून चारशे किलोमीटरहून लांब. ती वेधशाळा चालू झाली की रात्रंदिवस डेटा येत राहणार, गुरुत्वलहरी काही ऑफिस टाइम बघून येत नाहीत. एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्थाही त्याच आवारात. म्हणजे विद्यापीठाच्या ४११ एकरात, एकाच कंपाउंडच्या आत, निम्मा मामला आहे.

मग पाषाणला चला. आयआयटीएममध्ये हवामानाची मॉडेल्स चालतात. तिथे २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप्सचा (हे वेगाचं माप) प्रत्युष हा सुपरकॉम्प्युटर आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा अर्क. मान्सूनचं एक मॉडेल चालवलं की जे बाहेर पडतं ते काही पेनड्राइव्हमध्ये मावत नाही. त्याच भागात एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था, जवळ जवळ शेजारी. आयसरची मंडळी जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात आहेत.

आणि फक्त विज्ञानवालेच नाहीत हं. लॉ कॉलेज रोडच्या भांडारकर संस्थेत सुमारे २८,००० हस्तलिखितं आहेत. एका पानाचं चांगल्या दर्जाचं स्कॅन ५०-१०० एमबीचं होतं, आता पोथ्या गुणिले पानं करून बघा, संस्कृतवाले खगोलवाल्यांच्या पंक्तीला येऊन बसतात.

भारतात असं नेटवर्क आधीच आहे ना? मग आपण कशाला नवीन चूल मांडायची?

आहे, आणि चूल नवीन मांडायचीच नाहीये. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीच्या मदतीने अर्नेट सुरू केलं, पाच आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी आणि खुद्द ते खातं, अशा आठ ठिकाणांपासून. भारतात इंटरनेटचं जे काही पहिलं शिक्षण झालं ते या लोकांकडून झालं, सामान्य माणसाला नेट मिळायला १९९५ उजाडलं. मग मार्च २०१० मध्ये केंद्राने नॅशनल नॉलेज नेटवर्क मंजूर केलं, एनकेएन म्हणतात ते, ५,९९० कोटींचं, १,५०० च्या आसपास संस्था जोडायच्या म्हणून, आणि काम दिलं एनआयसी या सरकारी कॉम्प्युटर खात्याला.

हा झाला हमरस्ता. प्रश्न हमरस्त्यापासून तुमच्या दारापर्यंतचा आणि दारापासून लॅबपर्यंतचा आहे. मोठ्या संस्थांना एनकेएनची लिंक असते, पण पुणे विद्यापीठाला पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं संलग्न आहेत, त्यातल्या संगमनेरच्या किंवा मंचरच्या कॉलेजात बसलेल्या प्राध्यापकाला त्या हमरस्त्यावर चढायला रॅम्पच नसतो.

म्हणजे प्रादेशिक नेटवर्क म्हणजे सर्व्हिस रोड?

अगदी. बाहेरच्या देशांत हे तीन मजली असतं. वर देशाचं किंवा खंडाचं, जसं ब्रिटनचं जॅनेट, १९८४ पासूनचं, अमेरिकेतलं इंटरनेट-टू, १९९६ चं, युरोपातलं जीआंट, २००० पासूनचं. मधे प्रदेशाचं, जसं कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये तिथल्या विद्यापीठांनीच मिळून काढलेली सेनिक ही ना-नफा संस्था, जी स्वतःचं फायबर नेटवर्क चालवते. आणि खाली कॅम्पसचं. आपल्याकडे वरचा मजला उत्तम बांधलाय, तळमजलाही बरा आहे, मधला जिनाच राहिलाय.

दोन संस्था एकाच शहरात असतील तर त्यांच्यातला डेटा आपोआप जवळच्या रस्त्याने जातो ना?

नाही जात! आणि ही गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीये. दोन कॅम्पस, मधे फार तर चार किलोमीटर, सायकलवर पंधरा मिनिटं. एकाची लिंक एका कंपनीची, दुसऱ्याची दुसरीची. एक प्राध्यापक तक्रार घेऊन आले की शेजारच्या संस्थेतली फाईल अमेरिकेतल्या फाईलपेक्षा हळू येते. ट्रेसराउट (डेटा कुठल्या रस्त्याने जातो ते दाखवणारी कमांड) मारला तर पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, थेट मुंबईला जाऊन, तिथे कंपनी बदलून, परत पुण्याला येत होतं. म्हणजे पाषाणहून गणेशखिंडीला जायला दादरला गाडी बदलायची. प्रकाश फायबरमध्ये सेकंदाला २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, त्यामुळे वेळ काही फार वाया जात नव्हता, तीन-चार मिलिसेकंद, पण त्या मुंबईच्या नाक्यावर संध्याकाळी जी गर्दी व्हायची त्यात आमची पॅकेटं गळायची. शेवटी तो प्रश्न सुटला कसा तर दोन्ही कॅम्पसच्या मधून आधीच गेलेल्या एका न वापरलेल्या फायबरच्या जोडीवर दोन नेटवर्क स्विच लावून. सामान एका दुपारी लागलं. परवानगीच्या कागदावर सह्या व्हायला सात महिने.

फायबर कुठून आणायचं? रस्ते खोदायचे?

शक्यतो नाही, हात जोडून नाही. पुण्यात रस्ता खोदायचा म्हणजे महापालिकेची परवानगी, खोदाई शुल्क, ट्रॅफिक पोलिसांची एनओसी, पावसाळ्यात काम बंद, आणि खोदून झाल्यावर त्या भागातल्या आजोबांची पत्रं. केंद्राचे राईट ऑफ वेचे, म्हणजे रस्त्यातून केबल न्यायच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, त्यात परवानगीसाठी ऑनलाईन अर्ज आणि मुदती वगैरे आहेत, पण नियम दिल्लीत होतात आणि खड्डा वॉर्डात.

त्याऐवजी आधीपासून जमिनीत असलेलं शोधायचं. रेलटेलचं फायबर रुळांच्या कडेने जातं, पॉवरग्रिडचं विजेच्या टॉवरवरून, बीएसएनएलचं सगळीकडे, एनकेएनही अशांकडूनच लिंका घेऊन उभं राहिलंय. त्यांच्याकडून घ्यायचे तीन प्रकार आहेत. नुसती बँडविड्थ घ्या, म्हणजे महिन्याचं बिल भरा आणि विसरा. किंवा एक तरंगलांबी घ्या, म्हणजे प्रकाशाचा एक रंग तुमचा, एका फायबरवर असे ४० किंवा ८० रंग चालतात आणि प्रत्येकावर आजकाल १०० जीबीपीएस आरामात जातं. किंवा डार्क फायबर घ्या, म्हणजे नुसती काच, दोन्ही टोकांना दिवा तुम्ही लावायचा. डार्क फायबर पंधरा-वीस वर्षांच्या करारावर घेतात, सुरुवातीला महाग वाटतं पण पुढे स्पीड वाढवायचा तर फक्त टोकाची डबी बदलायची, कुणाकडे विचारायला जायचं नाही. माझं मत विचाराल तर शहरात डार्क फायबर, शहराबाहेर तरंगलांबी, आणि लहान कॉलेजला भाड्याची बँडविड्थ. पण हे मत आहे, प्रत्येक ठिकाणचा भाव वेगळा पडतो.

रिंग म्हणजे काय, आणि ती का पाहिजे?

कारण जेसीबी. एकाच रस्त्याने फायबर नेलं आणि ते कुठेतरी तुटलं तर सगळं बंद. गोल फिरवून आणलं तर एका बाजूने तुटल्यावर दुसऱ्या बाजूने जातं. पुण्यात गेली काही वर्षं मेट्रो, उड्डाणपूल, ड्रेनेज, पाण्याच्या लाइनी यांचं मिळून जे चाललंय ते बघता रिंग ही चैन नाहीये.

पण कागदावरची रिंग आणि जमिनीतली रिंग यात फरक असतो बरं का. एकदा आम्हाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून दोन मार्ग मिळाले, नकाशावर झकास गोल दिसायचा, आणि एका सकाळी दोन्ही एकदम मेले. शोधलं तर दोन्ही कंपन्यांच्या केबल एका चौकातून पुढे २०० मीटर एकाच डक्टमधून, म्हणजे जमिनीखालच्या नळीतून, जात होत्या, कारण दोघांनी तो डक्ट तिसऱ्याकडूनच भाड्याने घेतलेला. तेव्हापासून मी कुणाच्या पीडीएफवर विश्वास ठेवत नाही, चेंबरची झाकणं उघडून दाखवा म्हणतो.

आणि पुण्यात खरी गोची पुलांची आहे. नदी ओलांडायची तर फायबर पुलावरूनच जाणार, आणि पूल मोजके. येरवड्याचं डेक्कन कॉलेज रिंगमध्ये घ्यायचं असेल तर जाताना होळकर पुलावरून आणि येताना बंडगार्डनच्या पुलावरून आणा, दोन्ही एका पुलावरून आणले तर त्याला रिंग म्हणू नका. खोदणाऱ्यांनी आधी कळवावं म्हणून मार्च २०२३ मध्ये कॉल बिफोर यू डिग नावाचं सरकारी ॲप आलंय, चांगली कल्पना आहे, पण पहाटे पाच वाजता पाण्याची गळती शोधायला आलेल्या माणसाकडून ॲपची अपेक्षा करू नये.

खोडदसारखं लांबचं ठिकाण जोडायला काय लागतं?

चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं किलोमीटरला ०.२ डेसिबल नुकसान होतं. ८० किलोमीटरला १६ डेसिबल. त्यात दर काही किलोमीटरवर सांधा, प्रत्येक सांध्याचं थोडं थोडं, आणि नाशिक हायवे रुंद करताना जितक्या वेळा केबल तुटली तितके जास्तीचे सांधे. जुन्या केबलचं नुकसान म्हणूनच कागदापेक्षा कायम जास्त निघतं, आधी ओटीडीआर (फायबरमधलं नुकसान मोजायचं यंत्र) लावून मोजा मगच टोकाला प्रकाश पाठवायची मॉड्यूल विकत घ्या. ८० किलोमीटरवाली मॉड्यूल मिळतात पण ती एवढ्या अंतरावर जेमतेमच चालतात, मधे राजगुरुनगरला कुठेतरी ॲम्प्लिफायर ठेवायला एक खोली, वीज आणि कुलूप मिळालं तर रात्री झोप लागते.

लिंक १० जीबीपीएसची आहे म्हणतात पण माझी फाईल १० एमबीपीएसने येतेय. फसवलं का आम्हाला?

नाही हो. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तर जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

टीसीपी, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना डेटा पाठवतात ती पद्धत, कसं चालतं तर थोडा डेटा पाठवायचा, समोरून पोचल्याचा निरोप यायची वाट बघायची, मग पुढचा पाठवायचा. निरोपाशिवाय जास्तीत जास्त किती पाठवायचं त्याला विंडो म्हणतात. पुणे ते जिनिव्हा जाऊन यायला समजा १५० मिलिसेकंद लागतात आणि तुमच्या जुन्या मशीनची विंडो ६४ केबी आहे, तर लिंक कितीही मोठी असली तरी तुम्हाला साडेतीन एमबीपीएस मिळणार. १० जीबीपीएस पूर्ण भरायचं तर विंडो जवळजवळ १८८ एमबी पाहिजे. आठ पदरी एक्सप्रेसवेवर एकच टेम्पो, आणि तो मुंबईला माल उतरवून परत आल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, असा हा प्रकार. आजकालचं लिनक्स हे बरंचसं आपोआप वाढवतं पण त्याची कमाल मर्यादा कुणीतरी सेट करावी लागते, आणि ते कुणीतरी कोण हे ठरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, पॅकेट गळणं. दर दहा हजारात एक पॅकेट गळालं तर टीसीपी घाबरून वेग निम्मा करतं आणि मग हळूहळू वाढवतं. जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं गणित मांडलं तर पुण्यातल्या पुण्यात, १ मिलिसेकंदाच्या अंतरावर, एवढ्या गळतीत १.४ जीबीपीएस मिळतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच गळती १५० मिलिसेकंदांवर गेली की उरतात फक्त साडेनऊ एमबीपीएस. म्हणून आयटीवाला म्हणतो माझ्या टेस्टला सगळं ठीक आहे आणि प्राध्यापक म्हणतो काहीच ठीक नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात! नवीन प्रकारची टीसीपी हे जास्त चांगलं सांभाळतात पण गळती ती गळतीच.

आणि गळतं कुठे? पुणे-जिनिव्हाच्या मधल्या समुद्रात नाही. तुमच्या डिपार्टमेंटच्या जिन्याखालच्या त्या स्वस्तातल्या स्विचमध्ये, वाकवून खिळ्याला अडकवलेल्या पॅचकॉर्डमध्ये, धूळ बसलेल्या कनेक्टरमध्ये. फायबरचं टोक पुसायचं साधं क्लीनर, त्याने मी जितक्या लिंका बऱ्या केल्यात तितक्या नवीन उपकरणांनी नाही केल्या.

आणि फायरवॉल? ती काढून टाकायची का?

काढायची नाही, बाजूने रस्ता द्यायचा. कॅम्पसची फायरवॉल हजारो छोटी कनेक्शन्स तपासायला बनलेली असते, एकच मोठा प्रवाह आला की तिची बफर (तात्पुरती साठवायची जागा) भरते आणि ती पॅकेटं फेकते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं ईएसनेट नावाचं नेटवर्क आहे, त्यांनी यावर सायन्स डीएमझेड नावाची रचना काढली. कॅम्पसच्या अगदी दारात, मुख्य फायरवॉलच्या बाहेर, फक्त डेटा पाठवणारे दोन-तीन सर्व्हर ठेवायचे, त्यावर मेल नाही, ब्राउझर नाही, काही नाही, आणि कुठल्या संस्थेशी कुठल्या पोर्टवर बोलायचं ते राउटरवरच नियम लावून आवळायचं. सोबत एक परफसोनार नावाचं मोजणी यंत्र, जे दिवसरात्र दुसऱ्या टोकाच्या यंत्राशी बोलून वेग आणि गळती नोंदवत राहतं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, जुन्या सर्व्हरवर चालतं, आणि तक्रार आल्यावर "तुमच्याकडे प्रॉब्लेम आहे", "नाही तुमच्याकडे" हा वाद पाच मिनिटांत मिटवतं.

सुरक्षेची जबाबदारी मात्र राहतेच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग, म्हणजे नोंदी, १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारची घटना घडली तर कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. नेटवर्क सामाईक आहे म्हणून हे कुणा दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

सुपरकॉम्प्युटर आल्यावर नेटवर्क आपोआप येईल ना?

उलट होतं बऱ्याचदा. १९८८ मध्ये सी-डॅक ही सुपरकॉम्प्युटर बनवणारी सरकारी संस्था पुण्यात सुरू झाली, १९९१ मध्ये परम ८००० आला, तेव्हापासून या शहराला मशीनचं कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. २०१५ पासूनच्या ४,५०० कोटींच्या नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आयसरला परम ब्रह्म आला, जीएमआरटीसाठी परम रुद्र. त्या रुद्रचं २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, पुण्यात इतका पाऊस पडला की दौरा रद्द झाला आणि कार्यक्रम व्हिडिओ कॉन्फरन्सवर. म्हणजे त्या दिवशी तरी नेटवर्कने लाज राखली. पण मशीनवर वेळ मंजूर झालेला बाहेरगावचा विद्यार्थी आपला डेटा त्यात घालणार कसा आणि निकाल घरी नेणार कसा, हे विचारायला उद्घाटनाला कुणी उभं राहत नाही.

वायफायचं काय? दुसऱ्या कॅम्पसला गेलं की दर वेळी पासवर्ड मागावा लागतो.

त्यासाठी एड्युरोम आहे, २००२ मध्ये नेदरलँड्समधून निघालेली कल्पना, भारतात अर्नेट चालवतं. तुमच्या कॉलेजचं लॉगिन घेऊन तुम्ही दुसऱ्या कुठल्याही सभासद संस्थेत गेलात की फोन आपोआप जोडला जातो, आणि तुमचा पासवर्ड तपासायला तुमच्याच कॉलेजच्या सर्व्हरकडे जातो, यजमान संस्थेला दिसत नाही. लावायला जवळजवळ फुकट. माझ्या मते फायबरच्या आधी हे करा, कारण दोन संस्थांच्या आयटीवाल्यांना एकमेकांचे फोन नंबर यामुळेच मिळतात.

जर्नल्स मिळतील का यातून?

त्याचा या तारेशी थेट संबंध नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल्सच्या सरकारी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, ३० प्रकाशक. त्यात तुमची संस्था बसते का ते लायब्ररियनना विचारा, मला नको.

हॉस्टेलमध्ये मॅच नीट दिसेल का?

नाही. त्यासाठी वेगळी लिंक ठेवा, नाहीतर आयपीएलच्या फायनलला हवामानाचं मॉडेल रडेल.

पैसे कोण देणार?

विकत घ्यायचे पैसे मिळतात. प्रकल्प लिहिला, समितीपुढे बोललात, की राउटर येतो, फीत कापली जाते, फोटो येतो. मिळत नाहीत ते चालवायचे पैसे. तिसऱ्या वर्षी वॉरंटी संपते आणि एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, फाईल फिरायला लागते, बॅटऱ्या चार वर्षांत मरतात, जनरेटरचं डिझेल कुणाच्या खर्चाच्या हेडमधून हा प्रश्न दर एप्रिलमध्ये नव्याने पडतो. म्हणून करार करतानाच प्रत्येक संस्थेने दर वर्षी किती द्यायचं ते लिहून घ्या, मोठ्या संस्थांनी जास्त, लहान कॉलेजांनी कमी, पण कुणालाही शून्य नको, शून्य देणारा मीटिंगला येत नाही असा अनुभव आहे. आणि त्यातून दोन माणसांचा पगार निघालाच पाहिजे. कंत्राटी पोरगा वर्षभर शिकतो आणि मग हिंजवडीला तिप्पट पगारावर जातो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सुरुवात किती मोठी करावी? १०० जीबीपीएस मागावं का?

फ्लेक्सवर छापायला १०० छान दिसतं. पण तुमच्या लॅबपर्यंत जाणारी केबल १ जीबीपीएसची असेल तर दारात १०० आणून काय करणार, अंगणात विहीर आणि घरात तांब्या नाही. १० ने सुरू करा, फायबर मात्र पुढे १०० पेलेल असं घ्या.

मी तर म्हणेन सगळ्या विद्यापीठांचा महासंघ वगैरे नंतर. आधी एका भिंतीच्या दोन बाजूंना असलेल्या दोन संस्था जोडा, ज्यांच्यातले दोन प्राध्यापक आधीच एकमेकांना डिस्का पाठवतायत. तिथे सहा महिने आकडे मोजा. मग तिसरा स्वतःहून विचारायला येतो. पंचवीस कुलगुरूंना एका टेबलाशी बसवून सुरू केलेल्या गोष्टी अल्पोपहारापर्यंत व्यवस्थित चालतात.

रात्री लिंक बंद पडली तर फोन कुणाला करायचा?

हे आधी ठरवा, राउटरचं मॉडेल नंतर ठरवा. आमच्याकडे रॅकच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे: "लाल दिवा दिसला तर खालील नंबरवर कळवावे. प्लग काढून पुन्हा लावू नये." पुणेरी वाटेल, पण ती लावायच्या आधी साफसफाईवाल्या मावशी रोज सकाळी व्हॅक्यूम क्लीनरसाठी आमच्या स्विचचा प्लग काढायच्या आणि आम्ही दीड महिना रोज साडेसहाला लिंक का पडते ते सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो. आता मावशींसाठी वेगळा सॉकेट बसवलाय, आणि रात्री दिवा लाल झाला तर वॉचमन काका आधी मला फोन करतात, मग साहेबांना.